इंजिन एकच, मग माझ्या पुंटोला स्विफ्टच्या निम्मीही किंमत का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यात राहता. तुमची २०१४ ची डिझेल फियाट पुंटो आहे, ७२ हजार किलोमीटर झालेली, पहिल्यापासून तुमच्याच नावावर, बँकेचं कर्ज फिटलेलं. चुलतभावाची त्याच सालची डिझेल मारुती स्विफ्ट होती, रनिंग एक लाख दहा हजार, दोन मालक झालेले. त्याची गाडी चार दिवसांत तीन लाख दहा हजारांना गेली. तुम्ही तीन ठिकाणी फिरलात आणि सगळ्यात वरचा आकडा मिळाला एक लाख चाळीस हजार. दोन्ही गाड्यांत १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन. तेव्हा तुम्हाला कोणी गंडवतंय की यात काही हिशेब आहे, आणि पुढची गाडी जुनीच घ्यायची तर कुठल्या कंपनीची घ्यावी, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी कराडला एकवीस वर्षं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतोय, त्याआधी सहा वर्षं गॅरेजला काम केलंय. माझा अनुभव सातारा, सांगली, कोल्हापूर आणि थोडाफार पुण्याचा. मुंबईत किंवा नागपुरात भाव वेगळे असू शकतात. शिवाय गाडी समोर बघितल्याशिवाय नेमका आकडा मी सांगणार नाही, कोणी सांगितला तर त्यावर विश्वासही ठेवू नका. पण फरक का पडतो, ते सांगता येतं.

इंजिनाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मूळ इंजिन फियाटचंच. आपल्या रांजणगावला ते बनायचं, आणि मारुतीने परवाना घेऊन हरियाणात मानेसरला बनवलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि मांझा, शेवरोलेची सेल, तुमची पुंटो, लिनिया, या सगळ्यांत तेच. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे. आता इंजिनावर किंमत ठरत असती, तर या सगळ्या गाड्या जुन्या बाजारात साधारण एका भावात असत्या. तसं कधीच नव्हतं. इंजिन चालू होतं की नाही, धूर मारतं की नाही, एवढं बघितलं जातं. किंमत मात्र दुसरीकडेच ठरते.

गाडी दारात आली की मी लगेच बॉनेट उघडत नाही. आधी मनात म्हणतो, ही मी कोणाला विकणार? स्विफ्ट असली की माझ्या वहीत चार-पाच नावं आधीच लिहिलेली असतात. कोणाला मुलाच्या नोकरीसाठी हवी असते, कोणी शिक्षक असतो, कोणाला पहिलीच गाडी घ्यायची असते. फोटो टाकायच्या आधी फोन करतो. आठ-दहा दिवसांत गाडी उठते. म्हणजे तीन दहाला घेतलेली गाडी, टायर, पॉलिश, नावावर करण्याचा खर्च मिळून बारा-पंधरा हजार घालून तीन पंचेचाळीसला दिली, तरी माझं भागतं, कारण पैसा लगेच मोकळा झाला.

पुंटो आली तर वहीत नाव नसतं. नीट गिऱ्हाईक मिळालं तर तुमची गाडी एक लाख नव्वदलाही जाईल. पण ते गिऱ्हाईक उद्या येईल की दिवाळीनंतर, हे मला सांगता येत नाही. तोवर माझे पैसे अडकले, जागा अडली. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात, पावसाळा मध्ये आला तर आत वास धरतो. विमा संपला तर तो भरा. आणि येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य म्हणतो, "कंपनी बंद झाली ना हो?" ते वाक्य म्हणजे वीस हजारांची घासाघीस. हे सगळं मी आधीच कापून तुम्हाला भाव सांगतो. म्हणून एक चाळीस. तुमच्या गाडीत खोट काढलेली नाही, तिच्या वाट बघण्याचा खर्च काढलाय. पन्नास हजारांचं अंतर हे माझ्या फायद्याचं नाही, अनिश्चिततेचं आहे.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण बरेच जण पॉलिसीचा कागद घेऊनच येतात आणि त्यातला आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा आकडा दाखवतात. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून आकडा ठरवता. हा तक्ता सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना सारखाच लागतो. पुंटोला तोच, इनोव्हालाही तोच. बाजार तसा वागत नाही. त्यामुळे आयडीव्ही विम्यापुरता ठेवा, व्यवहारात आणू नका.

आता अनिश्चितता येते कुठून? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण पार्ट आणि मेकॅनिक. एक प्रसंग सांगतो. पाटणकडच्या एका गुरुजींची पुंटो होती, माझ्याच ओळखीची. ऐन पावसाळ्यात एका अरुंद रस्त्यावर म्हशीच्या शिंगाने डाव्या बाजूचा आरसा तुटला. त्याच आठवड्यात माझ्या यार्डातल्या एका स्विफ्टचा आरसा गेला होता. स्विफ्टचा आरसा मलकापूरच्या दुकानात तीन प्रकारांत मिळाला: कंपनीच्या डब्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या नावाचा, आणि साधा लोकल. दहा मिनिटांत पोरगा घेऊन आला, दुपारी बसवून टाकला. गुरुजींच्या आरशासाठी कराडला विचारलं, कोल्हापूरला फोन केला, शेवटी पुण्यात एकाने "मागवून देतो" म्हटलं. नऊ दिवस लागले. किंमत विचाराल तर फार जास्त नव्हती, दोन-अडीचशेचाच फरक. पण नऊ दिवस गुरुजी आरशाला चिकटपट्टी लावून शाळेत जात होते. सहा महिन्यांनी ती गाडी त्यांनी मलाच दिली. म्हणाले, "गाडी दगडासारखी आहे हो, तक्रार काहीच नाही. पण काही झालं की मला रजा टाकावी लागते."

त्या रजेची किंमत बाजार करतो. पार्ट महाग असला तर माणूस एकदा बडबडतो आणि पैसे देतो. पार्ट मिळतच नाही म्हटल्यावर तो गाडीच नको म्हणतो.

मेकॅनिकचं वजन तर बाहेरच्या माणसाला कळतच नाही. आमच्याकडे गाडी बघायला येणारे दहातले आठ जण सोबत आपला मिस्त्री घेऊन येतात. गाडी आवडलेली असते, बायकोने रंग पसंत केलेला असतो, विसार द्यायला हात खिशात गेलेला असतो. तेवढ्यात मिस्त्री बाजूला घेऊन सांगतो, "ही नको, हिचं काम आपल्याकडे होत नाही." संपला व्यवहार. मिस्त्रीची चूक नसते. उद्या गाडी बंद पडली की रात्री अकराला फोन त्यालाच येणार असतो. जी गाडी त्याने शंभर वेळा उघडलीय, तिलाच तो होकार देणार.

मारुतीचा भाव इथेच तयार झालाय. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. तेव्हापासून गॅरेजमध्ये पाना धरायला शिकलेला प्रत्येक पोरगा पहिल्यांदा मारुतीवरच शिकला. मी स्वतः ८०० चा कार्बोरेटर साफ करत शिकलो. तीस-चाळीस वर्षांत तालुक्याच्या गावात, बाजाराच्या गावात मारुतीवर हात बसलेला माणूस तयार झाला, त्याच्या शेजारी पार्टचं दुकान उभं राहिलं. गाड्या जास्त म्हणून दुकानं जास्त, दुकानं जास्त म्हणून गिऱ्हाईक बिनधास्त, गिऱ्हाईक बिनधास्त म्हणून परत गाड्या जास्त. हे चाक एकदा फिरायला लागलं की दुसऱ्या कंपनीने कितीही जाड पत्र्याची गाडी आणली तरी जुन्या बाजारात मारुतीला गाठणं अवघड जातं. जाता जाता, पुंटोचा पत्रा आणि रस्त्यावरची पकड स्विफ्टपेक्षा सरस आहे, हे मी दोन्ही गाड्या हजारो किलोमीटर चालवून सांगतो. तुमचा तिच्यावर जीव आहे तो चुकीचा नाही.

आणि फियाट हे नाव काही मुळात कमनशिबी नाही. मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात बनणारी फियाट, पुढची पद्मिनी, एके काळी वर्षानुवर्षं नंबर लावून मिळायची. नंबर लागलेला माणूस गाडी घेऊन लगेच विकायचा आणि वर पैसे कमवायचा. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी. शेवटच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या. कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री ती डोळे मिटून उघडायचा. त्याच नावाची पुंटो जून २००९ मध्ये आली तेव्हा मात्र ती टाटाच्या शोरूममधून विकली जात होती. २०१२ मध्ये ते वेगळे झाले, फियाटने स्वतःची शोरूम काढायला घेतली. म्हणजे तीन वर्षांपूर्वी गाडी जिथे घेतली, तिथे आता सर्व्हिस नाही, असं गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं. नवीन शोरूम मोठ्या शहरांत निघाली, आमच्याकडे नाही. २०१९ पर्यंत विक्रीच थांबली. आज काही ठिकाणी फियाटच्याच भावकीतल्या जीपच्या वर्कशॉपमध्ये काम होतं, पण ते सातारा जिल्ह्यातल्या माणसाला गावाजवळचं वाटत नाही. पुंटोचा भाव कुठे पडला म्हणाल तर त्या बदलत्या काउंटरवर पडला.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. रांजणगावची फियाट, तळेगावची शेवरोले, चाकणची फोक्सवॅगन, शेंद्र्याची स्कोडा, या सगळ्या आपल्या अंगणात बनलेल्या गाड्या. आणि आपल्याच जिल्ह्यांत त्यांना गुडगावहून आलेल्या गाडीइतका भाव मिळत नाही.

कंपनी देश सोडून जाते तेव्हा काय होतं ते मी तीनदा बघितलंय. मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की वर्षअखेरीला इथली विक्री बंद. त्या आठवड्यात माझ्या यार्डात दोन बीट आणि एक टवेरा उभी होती. बीटला पुढचे चार महिने फोनसुद्धा आला नाही, शेवटी घेतलेल्या भावापेक्षा चाळीस हजार कमी घेऊन दिल्या. टवेरा मात्र पंधरा दिवसांत गेली, कारण ती वडाप, म्हणजे गावोगावी प्रवासी भाडं करणाऱ्याला हवी होती आणि तिचं सगळं काम त्याचा मिस्त्री करायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथल्या गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं तेव्हा फिगो आणि अस्पायर अशाच बसल्या. एंडेव्हरला मात्र हौशी गिऱ्हाईक टिकून राहिलं, कारण तशी दुसरी गाडी फॉर्च्युनर सोडली तर फारशी मिळत नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये डॅटसन गेली. कंपनी गेल्यावर पार्ट एका दिवसात बंद होत नाहीत, फोर्डचे आजही मिळतात. पण मिस्त्री "नको" म्हणायला मोकळा होतो.

दुसरं मोठं कारण नव्या गाडीची किंमत. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या दावणीला बांधलेला असतो. नवी खाली आली की जुनीला खाली यावंच लागतं. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली हे सगळ्यांना आवडलं, पण आदल्या महिन्यात मी घेऊन ठेवलेल्या दोन-तीन वर्षांच्या गाड्यांना लोक म्हणायला लागले, "एवढ्यात थोडे घालून नवीनच येते की." बरोबरच होतं त्यांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीची, म्हणजे बॅटरीवरच्या गाडीची किंमत एक लाख वीस हजारांपर्यंत उतरवली तेव्हा जुन्या ईव्हीवाल्यांना असाच फटका बसला. तिथे बॅटरीची शंका आधीच होती, त्यात ही भर.

याच कारणाने शोरूममध्ये मोठी सूट देणारी कंपनी गिऱ्हाइकाला आज खूश करते आणि उद्या त्याच्या गाडीचा भाव पाडते. कागदावर बारा लाखांची गाडी दर मार्चला दीड लाख सुटीत मिळत असेल, तर जुन्या बाजारात ती साडेदहाचीच समजली जाते. उलट जिला सूट नाही, वर वाट बघावी लागते, तिचा जुना भाव फुगतो. कोविडनंतर चिपच्या टंचाईत २०२१-२२ ला तर थांबायची तयारी नसलेली माणसं एक वर्ष वापरलेल्या गाडीला जवळपास नव्याचे पैसे मोजत होती. नवीन घ्यायला गेलात आणि सेल्समनने न मागता लाखभर सोडले, तर आनंद होऊ द्या, पण विकताना तो लाख परत जाणार हे धरून चाला.

इनोव्हा आणि बोलेरो या दोन गाड्यांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण भाव धरून ठेवणं म्हणजे काय ते त्यांच्याकडे बघून कळतं. टोयोटाने २००० मध्ये क्वालिस आणली, २००५ मध्ये चालू गाडी बंद करून इनोव्हा आणली, आणि तेव्हापासून लग्नाची, देवदर्शनाची, साहेबाची गाडी म्हणजे इनोव्हा. माझ्याकडे अडीच लाख किलोमीटर झालेली इनोव्हा येते आणि घेणारा मीटर बघून हसतो, "अजून तेवढीच पळेल." असा विश्वास जाहिरातीने येत नाही. पंढरपूर, शिर्डी, गाणगापूर करणाऱ्या शेकडो ड्रायव्हरांनी चालवून, एकमेकांना सांगून तो आलाय. आणि महत्त्वाचं म्हणजे तिला दोन बाजूंनी गिऱ्हाईक आहे, घरगुतीही आणि धंद्याचंही. एक बाजार थंडावला तर दुसरा उचलतो.

बोलेरोचं तसंच, पण कारण वेगळं. नाशिकला बनणारी ही गाडी २००० पासून फारशी बदललीच नाही. शहरातल्या माणसाला तो दोष वाटतो. आमच्या ऊसपट्ट्यात तोच गुण. वीस वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीचं ज्ञान आजच्या गाडीला चालतं, खालची चासी जाड, मागच्या चाकांना ओढ, मळ्यातल्या चिखलातून बाहेर येते, आणि डेंट पडला तर गावातला पत्र्यावाला ठोकून सरळ करतो. दसऱ्याच्या आधी आणि ऊसबिलं जमा झाली की बोलेरो मागायला माणसं येतात, तेव्हा माझ्याकडे माल शिल्लक राहत नाही. हीच गाडी पुण्यात कोथरूडला विकायला ठेवा, पार्किंगमध्ये कोणी बघणार नाही. म्हणून म्हटलं, गाव बदललं की भाव बदलतो.

धंद्याची गाडी होणं प्रत्येकीला मानवतं असंही नाही. इंडिका, पुढे इटिऑस या इतक्या टॅक्सीत गेल्या की घरगुती माणूस म्हणायला लागला, "पाहुण्यांकडे गेलो तर भाडं विचारतील." इटिऑस टोयोटाचीच, टिकाऊपणात कुठेही कमी नाही, तरी घरगुती बाजारात इनोव्हाचा मान तिला कधी मिळाला नाही.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. "कुठली कंपनी" हा प्रश्न मी थोडा बदलतो. कंपनीच्या नावाला भाव असतो, पण अर्धाच. मारुतीने २०११ मध्ये किझाशी नावाची मोठी गाडी आणली होती. बिल्ला मारुतीचाच, पण पार्ट बाहेरून यायचे, गिऱ्हाईक मोजकं. जुन्या बाजारात ती पाण्याच्या भावाने गेली. महिंद्राची स्कॉर्पिओ सोन्यासारखी, त्याच महिंद्राची क्वांटो कोणी विचारत नाही. होंडाची सिटी चांगल्या भावाने जाते, मोबिलिओ रखडते. तेव्हा कंपनी, मॉडेल, इंधन, गिअरबॉक्स आणि तुमचं गाव, हे सगळं एकत्र विचारायला हवं.

इंधनाबद्दल एवढंच, की वर्षाला पंधरा हजारांच्या आत फिरणाऱ्याने डिझेलचा मोह सोडावा. एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं, त्यामुळे चांगल्या ठेवलेल्या जुन्या डिझेल डिझायरला हायवेवाला अजून मागतो, पण ती मागणी दर वर्षी आटतेय. सीएनजी पुण्या-मुंबईकडे भाव वाढवते. कंपनीची असेल तर जास्त, बाहेरून बसवलेली असेल तर आरसीवर चढवलीय का आणि तीन वर्षांची टाकीची तपासणी झालीय का ते बघा. दिल्लीकडून स्वस्तात डिझेल गाड्या येतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून ओघ सुरू झाला. नियम पुढे बदलत राहिले. त्या गाडीला तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर एवढं सगळं लागतं, आणि तरीही विकताना "बाहेरचं पासिंग होतं का?" हा प्रश्न येतोच.

जर्मन ऑटोमॅटिक गाड्या चालवायला फार सुंदर. पण ड्राय क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं युनिट, गेलं की लाखाच्या घरात बिल जातं, आणि ते ऐकलेला माणूस पंधरा गाड्यांपैकी एकीत झालेलं असलं तरी सगळ्या पंधरांना तेवढ्या पैशाने कमी मागतो. अशी गाडी वॉरंटी शिल्लक असताना विकावी.

आता हिशेबाचं बोलू, कारण लोक इथे चुकतात. जिचा भाव टिकतो ती गाडी घेतानाही महागच पडते. समजा चार वर्षांची एक गाडी तुम्ही सहा लाखांना घेतली आणि अजून चार वर्षांनी चार लाखांना विकली. शेजाऱ्याने तेवढ्याच वयाची, भाव न टिकणारी गाडी चार लाखांना घेतली आणि दोन तीसला विकली. विकताना तुम्ही खूश, तो नाराज. पण तुमचे गेले दोन लाख, त्याचे एक सत्तर, आणि सुरुवातीचे दोन लाख त्याच्याकडेच राहिले. दुरुस्तीत त्याचे तीस-चाळीस हजार जास्त गेले तर दोघं बरोबरीत आले. म्हणून विकल्या भावाकडे एकट्याकडे बघू नका. घेतला भाव वजा विकला भाव, अधिक दुरुस्ती, अधिक रजा, असं मांडा.

मी गिऱ्हाइकाला विचारतो, किती वर्षं ठेवणार? तीन-चार वर्षांत बदलायची असेल तर मुकाट्याने जी लोकांना हवी ती घ्या: स्विफ्ट, वॅगनआर, डिझायर, आय१०, आय२०, मोठ्या कुटुंबाला एर्टिगा. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर भाव पडलेल्या गाडीत खरा फायदा आहे, पण दोन अटी आहेत. कंपनी देशात चालू असली पाहिजे, आणि ती गाडी उघडणारा भरवशाचा माणूस तुमच्या गावापासून तासाभरात असला पाहिजे. तो माणूस आधी शोधा, गाडी नंतर. स्वतः जाऊन त्याला विचारा की या मॉडेलच्या महिन्याला किती गाड्या येतात आणि काय घेऊन येतात. पाच मिनिटांत तुम्हाला जे कळेल ते पन्नास जाहिराती वाचून कळणार नाही.

आणि बिल्ला कुठलाही असो, पुराची गाडी घेऊ नका. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडला पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आम्ही बघितल्यात. त्यातल्या काही धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात आल्या. एक साधी तपासणी करा. पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. वरचा पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कोणी धुवत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की चावी परत द्या. इनोव्हा असली तरी.

शेवटी तुमची पुंटो. खरं विचाराल तर ७२ हजारांवर ते इंजिन आत्ता कुठे मोकळं झालंय. तुम्हाला ती चालवायला आवडते, पुण्यात राहता म्हणजे फियाट जाणणारे मिस्त्री तुमच्या हाताशी आहेत. एक चाळीसला देऊन पाच लाखांची दुसरी घेण्यापेक्षा क्लच, सस्पेन्शन, टायर यावर चाळीस-पन्नास हजार घालून अजून चार वर्षं चालवा, असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगेन. तिचा भाव पडायचा तेवढा पडून झालाय, आता फार खाली जायला जागाच नाही.

विकायचीच ठरली तर माझ्यासारख्याकडे आणू नका. फियाट चालवणाऱ्या हौशी लोकांपर्यंत थेट पोहोचा. पुण्यात असे बरेच आहेत, आणि एक मालक, कमी रनिंग, पूर्ण सर्व्हिसच्या पावत्या असलेली पुंटो ते शोधतच असतात. फोटो टाकण्याआधी पावत्या तारखेप्रमाणे एका फाइलला लावा, दोन्ही चाव्या शोधून ठेवा. बँकेचं कर्ज फिटलंय म्हणता, पण आरसीवरचा बोजा उतरवलाय का ते बघा. नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आधी ते काम करा. बोजा तसाच राहिलेला असला की आलेलं गिऱ्हाईक "करून ठेवा, मग येतो" म्हणतं आणि परत येत नाही. एक ऐंशीपासून बोला, एक पासष्टच्या खाली येऊ नका, आणि पहिल्या महिन्यात कोणी आलं नाही म्हणून घाबरू नका. पुंटोला गिऱ्हाईक येतं, उशिरा येतं.